भिडू हवा

शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या खाटेशेजारी प्लास्टिकचं एक छोटं उपकरण ठेवलेलं असतं. तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक हलका चेंडू आणि तोंडात धरायला एक वाकडी नळी. श्वास आत ओढला की पहिला चेंडू वर जातो, जोर वाढवला की दुसरा, मग तिसरा. त्यावर 600, 900, 1200 असे आकडे छापलेले असतात. सेकंदाला तेवढे घन सेंटीमीटर हवा आत खेचली तर तो तो चेंडू उचलला जातो. रुग्णाला त्या आकड्यांशी काही देणंघेणं नसतं. त्याला तिसरा चेंडू वर टिकवून धरायचा असतो. "दीर्घ श्वास घ्या" असं दिवसभर सांगूनही जो माणूस ऐकत नाही, तो शेजारच्या खाटेवरच्याचे तिन्ही चेंडू वर गेलेले पाहिले की आपण होऊन उपकरण हातात घेतो. शिकत असताना वॉर्डात मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आणि ते मनात राहिलं. चेंडू तर आधीपासून उशाशीच होते. हात पुढे झाला तो शेजाऱ्यामुळे.

मी मुलुंड पूर्वेला फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. दवाखान्यात येणाऱ्यांइतकेच घरी जाऊन पाहावे लागणारे रुग्णही असतात, कारण घाटकोपर, भांडुप, मुलुंडमधल्या जुन्या इमारतींपैकी कितीतरी तीन-चार मजली आणि बिनलिफ्टच्या आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा गुडघा बदलला की त्यांना जिना उतरता येईपर्यंत आपणच त्यांच्याकडे जायचं. व्यायाम शिकवायला पंधरा मिनिटं पुरतात. अवघड भाग मी दार ओढून निघाल्यावर सुरू होतो. मी आठवड्यातून दोन-तीनदा जाणार, व्यायाम मात्र दिवसातून दोन-तीनदा व्हायला हवा. मधल्या सगळ्या वेळात त्या घरात काय घडतं, यावर बरं होणं अवलंबून असतं.

खांदा आखडण्याचं उदाहरण घ्या. चाळिशी ते साठीच्या वयात, बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना हा त्रास जास्त होतो. खांदा पूर्ण सुटायला एक ते तीन वर्षंसुद्धा लागतात. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, दारावर लावलेल्या कप्पीची दोरी खाली-वर ओढायची, काठी धरून हात बाहेर वळवायचा. हे दुखतं. आज केलेल्याचा फरक उद्या दिसत नाही, पुढच्या आठवड्यातही दिसेलच असं नाही. अशा कामाला माणूस कंटाळतो, आणि घरचे म्हणतात, "ती आळशीच आहे." पहाटे उठून चार डबे भरून सहा-चाळीसची लोकल वर्षानुवर्षं न चुकवणाऱ्या बाईला आळशी म्हणताना आपण थोडा विचार करायला हवा. दुखणारी, एकट्याने करायची, फळ न दिसणारी गोष्ट रोज करत राहणं कुणालाही जड जातं.

पूर्वी मी अशा रुग्णांना भिंतीवर पेन्सिलीने खूण करायला सांगायचे. आज बोट जिथवर पोचलं तिथे रेघ आणि शेजारी तारीख. सुरुवातीला रेघा वर सरकतात आणि माणूस हरखतो. पण आखडलेल्या खांद्याचा एक लांबलचक टप्पा असा असतो, की कितीही केलं तरी हात तिथल्या तिथे राहतो. त्या दिवसांत त्याच रेघा टोचायला लागतात. स्वतःच्या आकड्याशी लावलेली शर्यत आकडा हलेनासा झाला की संपते. समोर माणूस असला तर डाव रोज नव्याने मांडला जातो आणि कालचं हरणं आज लागू नसतं. मग मी माझ्या व्यायामांत दुसरा माणूस कुठे बसवता येईल ते शोधायला लागले.

घाटकोपरच्या भटवाडीतले एक आजोबा आठवतात. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली होती. पाय बऱ्यापैकी परत आला, पण हाताची मूठ वळलेली. अशा हातात मिटण्याची ताकद लवकर येते, उघडण्याची उशिरा. बोटं सरळ करणं हे सगळ्यात कठीण काम. मी स्पंज दिला, कपड्यांचे चिमटे दिले, वाटाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायला दिले. त्यांनी चारदा केलं आणि वाटी बाजूला सारली. बोलताना कळलं, की तरुणपणी ते मंडळाच्या कॅरमच्या स्पर्धा खेळत. कॅरम बोर्ड माळ्यावर होता. तो काढला, पुसला, पावडर टाकली.

स्ट्रायकर मारणं म्हणजे मिटलेलं बोट झटकन सरळ करणं. मला त्यांच्याकडून नेमकी हीच हालचाल हवी होती. पहिले काही दिवस ते तळव्याच्या कडेने स्ट्रायकर ढकलत. आम्ही तेही चालवून घेतलं. बोर्ड टेबलावर उंच ठेवला, म्हणजे खेळायचं तर उभं राहायला हवं, आणि डाव्या हाताने टेबलाची कड धरायला परवानगी दिली. समोर आठवीतला नातू. नियम असा ठरला, की नातवाने डाव्या हाताने खेळायचं, म्हणजे दोघंही अडखळत खेळतील. त्यापुढे मात्र कुठलीही सवलत नाही. नातवाने ते पाळलं. राणी घेतली आणि आजोबांना पुढची सोंगटी घालवता आली नाही, तर राणी परत बोर्डावर. आजोबा चिडायचे आणि लगेच पुढचा बोर्ड मांडायला सांगायचे.

या चिडण्याचं मोल मला कामातून माहीत आहे. अर्धांगवायूनंतर मेंदूला नवी वाट पाडायला एकच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. 2009 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसलं होतं, की उपचाराच्या एका बैठकीत हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी 32 वेळाच होतात. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक राणी, असे दोन बोर्ड अडखळत खेळले तरी त्याहून जास्त वेळा बोट उघडतं. आणि कुणी मोजत बसलेलं नसतं.

अशा कामासाठी आता महागडी यंत्रंही निघाली आहेत. पडद्यावर टेनिस खेळायचं, हात हलवला की पडद्यावरची रॅकेट हलते. मोठ्या रुग्णालयांत ती असतात आणि चांगली आहेत. पण 2016 मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त एक अभ्यास आला होता. चार देशांतल्या 141 रुग्णांपैकी काहींना असा व्हिडिओ गेम दिला, काहींना पत्ते, बिंगो, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा, चेंडू असे साधे खेळ. दोन्ही गटांचे हात सारखेच सुधारले. तो वाचून मला फार बरं वाटलं, कारण माझ्या रुग्णांच्या माळ्यावर यंत्र नसतं, कॅरम बोर्ड असतो.

खेळातून व्यायाम ही गोष्ट किती पुढे जाऊ शकते, हे मला 2023 च्या पावसाळ्यात समजलं. 30 जूनला केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' प्रदर्शित झाला. मंगळागौरीच्या स्पर्धेत उतरणाऱ्या सहा बहिणींची ती गोष्ट. मुलुंडच्या बायका घोळक्याने, साड्या नेसून, चष्मे लावून तो बघायला गेल्या. त्यानंतरच्या आठवड्यांत माझ्याकडे आलेल्या पन्नाशी-साठीच्या बायकांनी एकच प्रश्न विचारला, "मला मंगळागौर खेळता येईल का हो?" गुडघेदुखीवाल्या, मधुमेही, खांदा आखडलेल्या, एक-दोघी तर हाड मोडून उठलेल्या. व्यायामाचा कागद उशीखाली ठेवणाऱ्या बायका स्वतः विचारत होत्या, की माझ्याकडून काय काय होईल ते सांगा.

त्या वर्षी पंचांगही मदतीला आलं. श्रावण अधिक होता. 18 जुलैपासून अधिक मास आणि 17 ऑगस्टपासून निज श्रावण, म्हणजे पहिली मंगळागौर 22 ऑगस्टच्या मंगळवारी. तयारीला सात आठवडे. एका सोसायटीतल्या दहा-बाराजणींनी सेक्रेटरींकडून खालचा हॉल मागून घेतला आणि मला बोलावलं. मी आधी प्रत्येकीचा रक्तदाब, एका पायावर उभं राहणं आणि अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठता येतं, एवढं पाहून घेतलं. मग त्यांच्यातल्या जाणत्या काकूंना बसवून एकेक खेळ करून दाखवायला सांगितला आणि त्यात कुठला सांधा किती वाकतो ते लिहीत गेले.

असं पाहिल्यावर लक्षात येतं, की हा श्रावणातला खेळ म्हणजे घरात राबणाऱ्या तरुण मुलींसाठी केवढा भरगच्च व्यायाम होता. झिम्म्यात खांदे आणि कंबर वळते. सूप नाचवताना मनगटं फिरतात. पिंग्यात वाकून गोल घुमायचं असतं. बस फुगडीत आणि कोंबड्यात पूर्ण उकिडवं बसून उड्या मारायच्या, म्हणजे मांड्यांची कसोटी. रात्रभर जागून हे सगळं व्हायचं. आमच्या मैत्रिणींपैकी ज्यांचे गुडघे झिजले होते त्यांना बस फुगडी आणि कोंबडा बंद केले. हाडं ठिसूळ झालेल्यांना वाकून करायचे प्रकार नाहीत. मान वळवली की चक्कर येते अशा एका बाईंना कुठलीच फुगडी नाही. त्या हिरमुसल्या, पण सूप त्यांच्याकडे दिलं आणि ते त्यांच्यासारखं कुणालाच जमलं नाही.

झिम्मा आम्ही खुर्चीत बसून सुरू केला. मग उभं राहून, मग एक पाऊल पुढे-मागे करत, मग जोडी बदलत. खांदा आखडलेल्या काकूंना मी मुद्दाम उंच मैत्रिणीसमोर उभं केलं. टाळी द्यायची तर समोरचीच्या तळव्यापर्यंत पोचायला हवं, आणि तळवा कुठे धरायचा हे समोरचीच्या हातात. मी त्या मैत्रिणीला एकदाच बाजूला घेऊन सांगितलं, की दर दोन-तीन दिवसांनी हात जरासा वर धरा, दुखलं की खाली घ्या. ती ते इतक्या मायेने आणि इतक्या अचूकपणे करायची, की मला तिथे करण्यासारखं फारसं राहिलं नाही. कप्पीची दोरी ओढताना ज्या काकू दहा मोजायच्या आधी थांबायच्या, त्या झिम्म्याचं आख्खं गाणं संपेपर्यंत हात वर ठेवायच्या.

फुगडीची गोष्ट आणखी वेगळी. म्हातारपणी पडण्याची भीती एकदा बसली की माणूस पुढे झुकून, पाय घासत चालायला लागतो, आणि त्यानेच पडण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत 65 वर्षांवरच्यांनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत असं म्हटलं आहे. आता साठीच्या बाईला "मागे झुका" म्हटलं तर ती झुकेल का? फुगडीत मात्र झुकावंच लागतं. हात अडकवले, पाय जवळ आणले, की समोरचीच्या वजनावर भार टाकून मागे जायचं. दोघी सारख्या झुकल्या तरच फुगडी फिरते. आम्ही ती फिरवलीच नाही सुरुवातीला. नुसतं धरायचं, मागे झुकायचं, दहा श्वास थांबायचं आणि परत यायचं. त्यांच्या मागे आणखी दोघीजणी आधाराला उभ्या. फिरायला लागल्या तेही अगदी सावकाश. पाऊस म्हणून फरशी दमट असायची, म्हणून आम्ही सतरंजी काढून, फरशी कोरडी करून अनवाणी खेळायचो, आणि पाय सटकेल असा एकही दिवस आला तर फुगडी बंद.

गाण्याचाही मला व्यवसायात उपयोग झाला. व्यायामाचा जोर मोजायची आमच्याकडे एक सोपी पद्धत आहे. बोलता येतंय पण गाता येत नाही, इतका दम लागला की जोर मध्यम. बोलणंही तुटायला लागलं की जास्त. मंगळागौरीत खेळणारी स्वतः गाते, म्हणजे तिचा दम सगळ्यांना ऐकू येतो. जिचा आवाज तुटला तिने रिंगणाबाहेर यायचं आणि बाहेरच्या घोळक्यात गात उभं राहायचं, दम परतला की पुन्हा आत. आज व्यायामशाळांत थोडा जोर, थोडी विश्रांती अशा पाळीने जे करवून घेतात ते इथे आपोआप होत होतं.

यातल्या सगळ्याजणी रोज कशामुळे आल्या, ते मी जवळून पाहिलं. एखादी साडेचारला खाली उतरली नाही की तिच्या जोडीदारणीचा फोन जायचा, "अगं, तू नाही आलीस तर मी झिम्मा कुणाशी खेळू?" माझ्या कागदावरच्या व्यायामाने असा फोन कधीच केला नव्हता. त्या स्वतःच्या खांद्यासाठी आल्या नसत्या, मैत्रिणीच्या डावासाठी आल्या. आणि मंगळवार ठरलेला होता, साड्या ठरलेल्या होत्या, सुना-नाती बघायला येणार होत्या.

त्या मंगळवारी त्या नऊवारी नेसून खेळल्या. सगळे प्रकार झाले नाहीत, झाले ते नीट झाले. त्या काकूंचा खांदा अजून पूर्ण सुटलेला नव्हता, पण ब्लाउज घालायला आता मुलीला हाक मारावी लागत नव्हती. श्रावण संपल्यावर काहीजणी गळाल्या. बाकीच्यांना पुढचा सण लागत होता. गणपतीनंतर नवरात्र आलं आणि सोसायटीतल्या गुजराती शेजारणींनी दोन टाळी, तीन टाळीचा गरबा शिकवायला घेतला. मुलुंड-घाटकोपरमध्ये हा शेजार पिढ्यांपासूनचा आहे. गुजराती बायका मनगटासाठी पांचीका खेळतात, आपल्या सागरगोटे. आता त्या गटात माझी गरज महिन्याकाठी एकदा लागते, आणि तसंच असावं.

तरुण रुग्णांकडे मला याच्या उलट चित्र दिसतं. 2014 मध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाल्यापासून आमच्या भागातली कितीतरी मुलं अंधेरी, मरोळच्या कचेऱ्यांत जाऊ लागली. तिथे पावलं मोजण्याच्या स्पर्धा लागतात. रोज दहा हजार. हा आकडा मुळात 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून आला, कुठल्या संशोधनातून नाही. स्पर्धा लागली की दिवसभर खुर्चीत बसणारा मुलगा रात्री अकराला फलाटावर येरझाऱ्या घालतो, आठवड्यात टाच धरते आणि तो माझ्याकडे येतो. फोन पावलं मोजतो, पण पाय कसा पडतोय हे त्याला दिसत नाही.

आणि हा उत्साह टिकतही नाही. 2016 मध्ये 'पोकेमॉन गो' हा खेळ आला तेव्हा लोक फोन घेऊन रस्तोरस्ती फिरत होते. त्याच वर्षी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अमेरिकेतल्या तरुणांचा अभ्यास आला. पहिल्या आठवड्यात रोज सरासरी 955 पावलं वाढली आणि सहाव्या आठवड्यापर्यंत सगळं पूर्ववत. 2019 मधला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा 602 नोकरदारांवरचा अभ्यास मला जास्त उपयोगाचा वाटतो. एका गटाने नुसती पावलं मोजली. बाकीचे सगळे खेळ खेळत होते, पण काहींना जवळच्या माणसाचा पाठिंबा जोडून दिला, काहींना मिळून खेळायला लावलं, काहींना एकमेकांविरुद्ध. खेळणारे तिन्ही गट जास्त चालले. खेळ थांबल्यावर पुढचे 12 आठवडे फरक टिकला तो मात्र एकमेकांविरुद्ध खेळणाऱ्यांचाच. कॅरमवर चिडणारे आजोबा मला त्यात ओळखू आले.

चुरस जास्त झाली तर अपाय होतो, हेही माझ्या कामातलंच. म्हणून मी एकच नियम सांगते. खेळताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुखणं वाढलेलं असेल तर डाव अर्धा करायचा. छातीत दुखणं, चक्कर, पायावर अचानक सूज, यात खेळ थांबवून डॉक्टर गाठायचा. आणि दोघांत मोठा फरक असेल तर सशक्ताने आपल्यावर अडचण घ्यायची, त्या नातवासारखी. दुर्बळाला डाव सोडून द्यायचा नाही. मुद्दाम हरलेलं आजारी माणसाला लगेच कळतं.

एक विनंती करते. घरात कुणाचा खांदा आखडला असेल, गुडघा बदलला असेल, हात उघडत नसेल, तर संध्याकाळी घरी आल्यावर "व्यायाम केलास का?" असं विचारू नका. त्यांच्या फिजिओथेरपिस्टला विचारा, की या दुखण्याला कोणता खेळ चालेल. मग वीस मिनिटं फोन बाजूला ठेवून त्यांच्या समोर बसा आणि डाव मांडा. उद्याही बसा.